एचआयव्हीसाठी डीबीएस कार्ड: टोचण्याआधीपासून निकाल हातात देईपर्यंत

लॅबमधून डीबीएस (ड्राइड ब्लड स्पॉट, म्हणजे कागदावर सुकवलेला रक्ताचा ठिपका) कार्डावर 'नमुना अयोग्य' असा शेरा येतो, तेव्हा रजिस्टरमध्ये ती एक ओळ असते. त्या ओळीपायी एका आईला पुन्हा मजुरी बुडवून, एसटी धरून, तान्ह्या बाळाला घेऊन यावं लागतं. ती आली नाही, तर अभ्यासातून एक बाळ गळतं. गळणारं बाळ बहुतेकदा सगळ्यात लांबच्या पाड्यावरचं असतं. ज्यांच्याबद्दल आपल्याला सर्वांत कमी माहिती आहे, नेमकी तीच माणसं आकडेवारीतून बाहेर पडतात.

टाचेतून किंवा बोटातून काढलेलं रक्त फिल्टर पेपरच्या कार्डावर टिपायचं, सुकवायचं आणि पाकिटातून पाठवायचं, एवढीच ही पद्धत. ना शीतपेटी लागते, ना सेंट्रिफ्यूज. त्यामुळे ती सोपी समजली जाते आणि तिथेच बिघडते. प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ टोचण्यावर जातो. कार्डं मात्र जास्त करून टोचण्याआधीच्या अर्ध्या तासात आणि नंतरच्या चार तासांत खराब होतात. म्हणून इथे टोचण्याला थोडी जागा दिली आहे, तयारी आणि सुकवण्याला जास्त.

हे लिखाण ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर, टेक्निशियन आणि समुपदेशकांसाठी आहे. प्रबंधासाठी पहिल्यांदाच फील्डवर निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी तर आहेच.

एवढी काळजी कशासाठी

एचआयव्हीबाधित आईची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे मोठ्यांसाठी वापरतो ती रॅपिड टेस्ट त्याआधी पॉझिटिव्ह आली, तरी बाळाला लागण झाली आहे असं ठरत नाही. विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधावं लागतं आणि खेड्यापाड्यांतून ते लॅबपर्यंत नेण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग डीबीएस हा आहे.

वेळही हातात नसतो. लागण झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांपैकी जवळपास एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी दगावतात, दोन वर्षांपर्यंत सुमारे निम्मी. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन आणि सोवेटो इथे झालेल्या 'चेर' चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्या बाळांना निदान होताच औषधं सुरू केली, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण वाट पाहिलेल्या बाळांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी होतं. नाकारलेल्या एका कार्डामागे जाणारे तीन-चार आठवडे याच काळातले असतात.

## टप्पा १: ठिपक्याकडून काय हवं आहे ते ठरवा

सगळ्यात मोठी चूक कागदावर, प्रस्ताव लिहितानाच होते. 'डीबीएस घेऊ, नंतर सगळ्या तपासण्या करता येतील' असं लिहिलं जातं. एका ठिपक्यात साधारण ७५ मायक्रोलिटर रक्त मावतं आणि कार्डावर वर्तुळं पाच. तेवढ्यात काय बसतं, ते आधीच मोजलेलं बरं.

बाळाच्या निदानासाठी डीबीएस उत्तम. लागण आहे की नाही, एवढंच उत्तर हवं असतं आणि पेशींमधला विषाणूचा डीएनए कागदावर चांगला टिकतो.

व्हायरल लोडसाठी (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीसाठी) जपून. प्लाझ्माच्या (पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्तातल्या द्रवाच्या) तपासणीला बऱ्याचदा अर्धा ते एक मिलिलिटर नमुना मिळतो, इथे त्याचा अगदी छोटा अंश. त्यामुळे कमी पातळीचा विषाणू हुकू शकतो. याच्या उलटही होतं. ठिपक्यात पूर्ण रक्त असतं, म्हणजे पेशींमधला आरएनए आणि डीएनएसुद्धा मोजला जाऊ शकतो. औषधं नियमित घेणारी बाई, प्लाझ्मात विषाणू जवळजवळ नाही, तरी कार्डावरून आकडा फुगून येतो आणि तिच्यावर 'उपचार अपयशी' असा शिक्का बसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची अपयशाची मर्यादा मिलिलिटरमागे १००० प्रतींची आहे. डीबीएसवर त्याच्या खालच्या आकड्यांचा बारीक अर्थ लावायला जाऊ नका. 'विषाणू ५० प्रतींखाली आहे का' असा तुमचा अभ्यासप्रश्न असेल, तर साधन बदला.

औषधांना विषाणू दाद देतो का, हे पाहायचं असेल तर आरएनए जपावा लागतो. तो उष्णता आणि दमट हवेत लवकर तुटतो. असं कार्ड दोन आठवड्यांच्या आत लॅबमध्ये किंवा उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये गेलं पाहिजे.

हेपॅटायटिस बी, सी, सिफिलिस, डेंगी यांच्या प्रतिपिंडांच्या सर्वेक्षणातही ठिपके चालतात. अट एवढीच की वापरायचा किट डीबीएसवर पडताळलेला हवा. किटच्या माहितीपत्रकावर फक्त 'सीरम, प्लाझ्मा' लिहिलं असेल, तर आधी थोड्या नमुन्यांवर दोन्ही शेजारीशेजारी करून पाहा. रक्तक्षय असलेल्या माणसाचं पातळ रक्त कागदावर जास्त पसरतं, त्यामुळे त्याच मापाच्या तुकड्यात रक्त कमी येतं. आपल्याकडच्या बायका-मुलांमधला रक्तक्षय पाहता, अँटिबॉडीचं किंवा औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या अभ्यासात हिमोग्लोबिनही नोंदवायला हवं.

तपासा: नमुने जिथे जाणार त्या लॅबशी बोलणं झालं आहे का? कार्ड कोणतं चालेल, किती ठिपके लागतील, कोणत्या कारणांनी नाकारतील, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. भोसरीची, पूर्वी 'नारी' म्हणून ओळखली जाणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था असो की जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची लॅब, हे संभाषण पहिला नमुना घेण्याआधीचं आहे.

## टप्पा २: परवानग्या, आणि त्यांचा क्रम

नोंदणीकृत संस्थात्मक नीतिशास्त्र समितीची मंजुरी सगळ्यात आधी. शासकीय रुग्णालयात काम असेल तर जिल्हा आणि राज्य पातळीवरची परवानगी. एड्स नियंत्रण कार्यक्रमाची माहिती किंवा रुग्ण अभ्यासात येत असतील, तर त्या यंत्रणेची संमती. परदेशी संस्था किंवा परदेशी निधी असेल, तर आयसीएमआरकडची आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. क्लिनिकल ट्रायल असेल, तर पहिला माणूस सामील होण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या भारतातल्या नोंदवहीत) नोंदणी. नमुने घेऊन झाल्यावर मंजुरी मागायला गेलेले प्रस्ताव तिथेच संपतात आणि लोकांनी दिलेलं रक्त फुकट जातं.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तपासणी, उपचार आणि संशोधन या तिन्हींसाठी माहितीपूर्ण संमती हवी असं तो सांगतो. कुणाची स्थिती ठरवायची नाही अशा निनावी साथरोग सर्वेक्षणाला त्यात वेगळी वाट आहे, पण तिथेही लोकांना अभ्यासाची कल्पना द्यावी लागते. 'सर्वेक्षणच तर आहे' म्हणून न सांगता ठिपका घेता येत नाही.

## टप्पा ३: सामान मांडा, जागा निवडा

सामान आदल्या दिवशी मांडायचं, निघताना पिशवीत कोंबायचं नाही. लागतं ते असं:

- एकाच प्रतीची फिल्टर पेपर कार्डं (व्हॉटमन ९०३ किंवा लॅबने सांगितलेली), मुदत पाहून
- आपोआप आत जाणारी सुरक्षित लॅन्सेट (टोचणी). बाळासाठी २ मिलिमीटरपेक्षा खोल न जाणारी
- पावडर नसलेले हातमोजे, माणसागणिक नवी जोडी
- ७० टक्के स्पिरिटचे स्वॅब, कोरडा निर्जंतुक गॉझ
- सुकवण्याची जाळी किंवा खाचांचा स्टँड
- ग्लासिन कागद, हवा न जाणाऱ्या झिपलॉक पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या, दमटपणा दाखवणारं सूचक कार्ड
- न पसरणाऱ्या शाईचं पेन, नोंदवही
- न टोचणारा पांढरा डबा, पिवळी आणि लाल पिशवी, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट

कार्डांचं पाकीट फोडल्यावर उरलेली कार्डं पुन्हा हवाबंद करा. उघडी राहिलेली कोरी कार्डंही हवेतली ओल पितात आणि मग रक्त नीट शोषत नाहीत. ओपीडीच्या टेबलावर महिनाभर पडलेलं पाकीट वापरायला काढू नका.

कार्ड नेहमी कडेला धरायचं. वर्तुळाच्या आत बोट लागू द्यायचं नाही, हातमोजा घातलेलं असलं तरी. बोटाचं तेल, लोशन, हातमोज्याची पावडर, चहाचा थेंब, यातलं काहीही लॅबमधला पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी) बिघडवू शकतं.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहा: आडोसा आणि माशा. आडोसा आईसाठी, कारण गावात कोण कशाची तपासणी करून गेलं हे संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचतं. माशा आणि मुंग्या कार्डासाठी. ओल्या ठिपक्यावर माशी बसली की दूषित होतं, रात्री मुंग्या लागल्या की ठिपकाच कुरतडला जातो.

सावधान: फक्त एचआयव्हीबाधितांच्याच घरी जाणारी, संस्थेचं नाव रंगवलेली जीप हीच एक जाहिरात असते. गाडी लांब उभी करा, किंवा लसीकरणाच्या दिवशी केंद्रावरच नमुना घ्या. सहा आठवड्यांची लस आणि पहिलं डीबीएस एकाच वेळेला येतात. त्या दिवशी बाळ घेऊन आलेल्या आईकडे कुणी वळून पाहत नाही.

## टप्पा ४: संमती

संमतीचा कागद वाचून दाखवणं आणि संमती घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला तिच्याच शब्दांत विचारा: 'ताई, आपण बाळाचं रक्त कशासाठी घेतोय, ते मला सांगाल का?' तिचं उत्तर ऐकल्यावर काय समजलं नाही ते कळतं. बऱ्याच जणींना वाटतं, नाही म्हटलं तर औषधं बंद होतील. हा गैरसमज तिथल्या तिथे दूर झालाच पाहिजे. अभ्यासाला नकार दिला तरी बाळाची नेहमीची तपासणी आणि उपचार चालूच राहतील, हे तोंडाने सांगा, नुसतं छापून ठेवू नका.

भिली, कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या आईशी मराठीत घेतलेली संमती कच्चीच. दुभाष्या हवा, आणि तो तिचा दीर किंवा शेजारी नको. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. सात वर्षांवरच्या मुलांची त्यांना समजेल अशी होकाराची नोंद वेगळी घ्यायची.

उरलेले ठिपके पुढच्या अभ्यासासाठी ठेवायचे असतील, तर त्याला स्वतंत्र चौकट आणि स्वतंत्र 'हो' किंवा 'नाही' हवं. मुख्य संमतीत ते गुंडाळून टाकू नका.

## टप्पा ५: कार्ड आधी भरा, मग टोचा

क्रम चुकण्याची ही हमखास जागा. रडणारं बाळ, हातात रक्ताचं कार्ड, मग पेन शोधणं, आणि शेजारच्या टेबलावर आणखी एक तसंच कार्ड. अदलाबदल अशीच होते. अदलाबदलीइतकी घातक चूक या सगळ्या प्रक्रियेत दुसरी नाही, कारण ती लॅबला दिसत नाही. ठिपके सुंदर असतात, निकाल स्वच्छ येतो आणि तो दुसऱ्याच बाळाचा असतो.

संमती झाली की कार्डावर सांकेतिक क्रमांक, जन्मतारीख, नमुन्याची तारीख आणि घेणाऱ्याची आद्याक्षरं लिहा. नमुन्याची वेळ ठिपके पडताच भरायची. तोच क्रमांक नोंदवहीत आणि लॅबच्या फॉर्मवर. आई आणि घेणारी व्यक्ती मिळून बाळाचं नाव आणि क्रमांक एकदा मोठ्याने जुळवून पाहा. आडोसा असेल तरच. संशोधनाच्या कार्डावर नाव नको. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात.

तपासा: टेबलावर एका वेळी एकच कार्ड आहे ना? जुळी बाळं असतील तर पहिल्याचं कार्ड जाळीवर गेल्याशिवाय दुसऱ्याचं काढू नका.

## टप्पा ६: ऊब आणि टोचणं

थंड पायातून रक्त येत नाही. रक्त येत नाही म्हणून दाबलं जातं, दाबलं की पेशी फुटतात आणि पेशींमधलं पाणी मिसळून ठिपका फिका होतो. म्हणजे पुढच्या निम्म्या अडचणी या एका गोष्टीने टळतात: कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं ३ ते ५ मिनिटं पायाला गुंडाळा. तुमच्या मनगटाला सोसेल इतकंच गरम. ४२ अंशांच्या वर कधीच नको. बाळ आईच्या खांद्याशी उभं, पाय खाली लोंबता. तो पाय हृदयाच्या पातळीखाली असला की रक्त आपसूक उतरतं. बाळ अंगावर पीत असेल तर पिऊ द्या, वेदना कमी जाणवते.

टोचायची जागा वजनावरून ठरते. साधारण ५ किलोपर्यंत टाच, ५ ते १० किलोच्या दरम्यान पायाचा अंगठा, त्यापुढे हाताचं मधलं किंवा अनामिका बोट. टाचेवर तळव्याच्या बाजूची आतली किंवा बाहेरची कड घ्या. मधोमध किंवा मागच्या गोलाईवर नाही, तिथे हाड जवळ असतं. बोटावर टोकाच्या थोडं बाजूला.

स्पिरिटने पुसा आणि थांबा. हवेने पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, गॉझने टिपू नका. घाईत ओल्या स्पिरिटवर टोचलं की ते रक्तात मिसळतं आणि ठिपक्याभोवती फिकट कडं उमटतं.

टोचा, लॅन्सेट लगेच पांढऱ्या डब्यात. पहिला थेंब कोरड्या गॉझने पुसून टाका.

सावधान: स्वतःला टोचलं गेलं तर जखम पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच जवळच्या शासकीय रुग्णालयात प्रतिबंधक औषधं घ्या. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. जवळचा डोस कुठे मिळतो हे निघण्याआधी माहीत हवं. टीममधल्या सर्वांत नवख्या मुलीलाही.

## टप्पा ७: एक वर्तुळ, एक थेंब

टोचून झाल्यावर हात आवरायचा. मोठा थेंब जमून लोंबायला लागेपर्यंत थांबा, मग कार्ड वर न्या आणि फक्त थेंब टेकवा. त्वचा कागदाला लागता कामा नये. थेंब शोषला जाऊन वर्तुळभर पसरू द्या. साधारण १२ मिलिमीटरचं वर्तुळ, एका मोठ्या थेंबात भरतं.

थेंब छोटा पडला तर मोह होतो त्यावरच आणखी एक टाकण्याचा. टाकू नका. थरावर थर चढला की वरचं रक्त आत जात नाही, पृष्ठभागावर गोठतं आणि लॅबमध्ये त्या ठिपक्यातून किती रक्त घेतलं याला अर्थ उरत नाही. अर्धा भरलेला ठिपका तसाच सोडून पुढच्या वर्तुळावर जा. उलट्या बाजूनेही रक्त लावायचं नाही.

रक्त थांबलं तर टाचेचा दाब हलका सोडत-धरत राहा. पिळणं वेगळं, हे वेगळं. तरीही येत नसेल तर दुसऱ्या जागी, नव्या लॅन्सेटने एकदाच. पाचही भरली नाहीत तरी तीन चांगली भरलेली वर्तुळं पाच अर्धवटांपेक्षा उपयोगी असतात.

शिरेतून घेतलेलं रक्त कार्डावर टाकायचं असेल तर जांभळ्या बुचाची ईडीटीए नळी वापरा, ८ ते १० वेळा हळुवार उलटीसुलटी करा आणि पिपेटने वर्तुळाच्या मध्यावर ७० ते ७५ मायक्रोलिटर सोडा. हिरव्या बुचाची हेपॅरिनची नळी चालत नाही. हेपॅरिन पीसीआर अडवतं आणि खऱ्या पॉझिटिव्ह बाळाचा निकाल निगेटिव्ह दिसू शकतो.

तपासा: कार्ड उलटं करा. मागच्या बाजूलाही ठिपका तितकाच गोल, तितकाच गडद दिसतो का? दिसत नसेल तर रक्त पुरेसं मुरलेलं नाही. आई अजून समोर बसली आहे. चूक दुरुस्त करायची हीच वेळ.

कापूस-गॉझ पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. आईचे आभार मानून, निकालासाठी कधी आणि कुठे यायचं ते सांगूनच तिला सोडा.

## टप्पा ८: सुकवणं

इथे सगळ्यात जास्त कार्डं जातात, आणि मुळात ती जाऊ नयेत, कारण इथे कौशल्य लागत नाही. लागतो तो वेळ.

कार्ड आडवं, ठिपके कशालाही न टेकता, एकमेकांवर न ठेवता, किमान ४ तास. पावसाळ्यात रात्रभर. कोकणात किंवा गोव्यात जुलै महिन्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत 'चार तास झाले' हा निकष पुरत नाही, रंग पाहावा लागतो. सुकलेला ठिपका सगळीकडे सारखा गडद तपकिरी असतो. मध्यभागी लालसर झाक किंवा चमक दिसली तर अजून ओल आहे.

उन्हात ठेवायचं नाही. हेअर ड्रायर नाही, हीटर नाही, तंदूरजवळची किंवा चुलीजवळची फळी नाही. उष्णतेने प्रथिनं कागदाला घट्ट चिकटतात, मग लॅबमध्ये ती सुटत नाहीत. पंखा चालू असेल तर झोत थेट कार्डावर नको, धूळ बसते आणि कार्ड उडतं. वरून बारीक जाळी, कडेने मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या.

दुपारी तीनला पाड्यावर नमुना घेतला आणि परत निघायचं असेल तर काय? ओलं कार्ड झिपलॉकमध्ये घालून गाडीत टाकलं जातं आणि केंद्रावर काढून सुकवू असं ठरतं. तोवर आत बुरशीला हवं ते सगळं मिळालेलं असतं. त्याऐवजी खाचांचा स्टँड बसेल असा मोठा डबा सोबत न्या, तळाशी भरपूर सिलिका जेल, कार्डं खाचेत एकमेकांपासून दूर. केंद्रावर पोहोचताच डबा उघडून जाळीवर काढा. प्रवास लांबचा असेल तर शेवटचा नमुना सकाळीच उरका. दिवसाला दोन घरं कमी झाली तरी चालतील.

तपासा: सुकवायला ठेवल्याची आणि काढल्याची वेळ नोंदवहीत लिहिली का? हे दोन रकाने कोरे असलेली नोंदवही नंतर काहीच सांगू शकत नाही. बिघाड शोधताना सगळ्यात आधी हेच रकाने लागतात.

## टप्पा ९: बांधणी

प्रत्येक कार्डाला ग्लासिन कागदाचं वेष्टन, म्हणजे एकाचा ठिपका दुसऱ्याला लागणार नाही. झिपलॉक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, एका कार्डामागे दोन-तीन, आणि एक सूचक कार्ड. हवा दाबून काढा, चेन दोनदा फिरवा. सूचक कार्डाचा रंग बदलला (बऱ्याच जातींत निळ्याचा गुलाबी होतो, तुमच्या कार्डावरची खूण पाहा) की पुड्या बदला. पुड्या पुन्हा वापरायच्या असतील तर त्या कोरड्या असल्याची खात्री हवी. उघड्या बरणीत राहिलेली पुडी ओल शोषून भरलेली असते आणि ती आत टाकून काहीच साधत नाही.

बाहेरच्या पाकिटावर लॅबचा पत्ता आणि अभ्यासाचा सांकेतिक क्रमांक. 'एचआयव्ही', 'एड्स', 'आयसीटीसी' (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र) हे शब्द कुठेही नाहीत.

## टप्पा १०: पाठवणं आणि साठवण

साध्या तापमानाला निदानाची कार्डं साधारण १४ दिवसांत पोहोचली पाहिजेत, पण महिनाअखेरीस एकदम पाठवू म्हणून साठवू नका. आठवड्यातून एकदा तरी टपाल निघू द्या, आणि शुक्रवारी नाही, म्हणजे पाकीट शनिवार-रविवार गोदामात तापत पडणार नाही. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं पाकीट एका दुपारीत खराब होऊ शकतं.

फ्रीझरमधलं कार्ड काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं आणि इतके दिवस जपलेला ठिपका शेवटच्या पाच मिनिटांत ओला होतो. वीज वारंवार जात असेल तर घरगुती फ्रीझरच्या भरवशावर कार्डं ठेवण्यापेक्षा कोरडी, सावलीतली पेटी आणि वेळेवरचं टपाल जास्त सुरक्षित आहे.

पाकिटासोबत यादी हवी: किती कार्डं, कोणते क्रमांक. लॅबने पोहोच दिली की नोंदवहीत खूण. पोहोच आली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन.

## टप्पा ११: लॅबमध्ये, आणि नाकारलेल्या कार्डांचं काय

ठिपक्यातून ३ किंवा ६ मिलिमीटरचा गोल तुकडा पंचने काढतात. दोन नमुन्यांच्या मध्ये कोऱ्या कागदावर पंच मारून घेतलाच पाहिजे, नाहीतर आधीच्या कार्डाचे तंतू पुढच्यात जातात. प्रत्येक खेपेत एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह ठिपका हवा. शक्य असेल तर लॅबमध्ये बनवलेले असे काही ठिपके फील्डच्या पेटीतून फिरवून आणा. ते बिघडले तर दोष प्रवासाचा आहे हे कळतं, टोचणाऱ्याचा नाही.

नाकारण्याची कारणं सुटी नोंदवा. कारण सांगितलं की उपाय कळतो:

- फिका ठिपका, भोवती कडं: ओलं स्पिरिट किंवा पिळणं. टप्पा ६ पाहा.
- थर, गुठळ्या: एकाच वर्तुळात दोन थेंब. टप्पा ७.
- मागची बाजू कोरी: थेंब छोटा.
- ओलसर, बुरशी, ग्लासिनला चिकटलेलं: टप्पा ८.
- क्रमांक जुळत नाही: टप्पा ५. असं कार्ड अंदाजाने जुळवून घेऊ नका. ते गेलं.

आता संशोधकांसाठी एक कळकळीचं. अहवालात 'नमुने वगळले' असं लिहून पुढे जाऊ नका. कोणत्या गावातले, कोणत्या महिन्यातले, कुणी घेतलेले वगळले, ते पाहा. पावसाळ्यात दुर्गम भागातली कार्डं जास्त बिघडत असतील, तर तुमच्या निष्कर्षात रस्त्याकडेची गावं उरली आणि डोंगरातली गेली. अशा अभ्यासावरून लागणीचं प्रमाण काढलं तर ते चुकीचं असेल, कितीही मोठा आकडा जमवला तरी. हे विश्लेषणात मांडलंच पाहिजे.

बिघडलेल्या कार्डाचा फोटो, क्रमांक झाकून, घेणाऱ्या सिस्टरला त्याच आठवड्यात पाठवा. ओरडण्यासाठी नाही. फोटो पाहिला की दुसऱ्या दिवशी हात बदलतो, वार्षिक प्रशिक्षणाने बदलत नाही.

## टप्पा १२: निकाल

निकाल लॅबच्या ईमेलमध्ये पडून राहणं ही नमुना न घेण्याइतकीच मोठी चूक आहे. तो कुणाच्या फोनवर येईल, ते कुणाला सांगतील, किती दिवसांत, हे प्रस्तावातच नावानिशी ठरवा. निकाल समुपदेशक प्रत्यक्ष देतो. फोनवर नाही, नातेवाइकामार्फत नाही, आशाताईंच्या हातून बंद पाकिटातही नाही.

पॉझिटिव्ह आला तर लगेच दुसरं, नव्याने टोचून घेतलेलं स्वतंत्र कार्ड खातरजमेसाठी पाठवायचं. पहिल्याच कार्डाचा उरलेला ठिपका पुन्हा तपासून खातरजमा होत नाही. नावाची अदलाबदल झाली असेल तर ती दोन्ही वेळा तशीच निघेल. मात्र दुसऱ्या निकालाची वाट पाहत उपचार थांबवायचे नाहीत. बाळाला त्याच दिवशी एआरटी केंद्राशी (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राशी) जोडा.

निगेटिव्ह आला तर 'सुटलो' असं आईला वाटतं. बाळ अंगावर पीत असेपर्यंत तो निकाल शेवटचा नसतो. ६ महिने, १२ महिने आणि १८ महिन्यांची तपासणी बाकी आहे, आणि स्तनपान सुटल्यावर पुन्हा. सहा आठवड्यांपासून सुरू केलेलं कोट्रायमोक्सॅझोल (इतर संसर्ग टाळण्याचं औषध) निगेटिव्ह कागद पाहून स्वतःच्या मनाने बंद करू नका, असं तिला स्पष्ट सांगा. पुढच्या तारखा तिच्या लसीकरणाच्या कार्डावर साध्या 'भेट' म्हणून लिहून द्या, कारण ते कार्ड घरात सगळे बघतात.

अभ्यास संपल्यावर उरलेले ठिपके संमतीत लिहिलेल्या तारखेला नष्ट करायचे, ज्यांनी साठवणीला 'नाही' म्हटलं त्यांचे आधी. नावं आणि क्रमांक जोडणारी यादी शेवटच्या आईला निकाल मिळाल्याची सही आल्यानंतरच नष्ट करा. त्याआधी ती गेली, तर राहिलेल्या बाळांपर्यंत पोहोचायला दुसरा कुठलाही कागद तुमच्याकडे नसेल.